शुगरवाल्या काकू

दुसऱ्याचं वाईट झालेलं ऐकलं की काकूंच्या तोंडावर तेज यायचं. दवाखान्यात एचआयव्हीच्या औषधांच्या रांगेत त्या प्रत्येकाला विचारत, "किती आल्या?" म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशी. कुणाच्या त्यांच्याहून कमी निघाल्या की समाधानाने पदर सावरत. जयपूरमध्ये मराठी कानावर पडलं म्हणून मी हुरळून जवळ गेले, तर पहिलाच प्रश्न आला, "काऊन वं पोरी, नवऱ्यानं देल्ला का तुनंच कमावला?"

त्यांना नवऱ्याने दिला होता. बडनेऱ्याचे काका रेल्वेत ड्रायव्हर, बदलीवर इकडे आलेले. ते मरायला टेकले तेव्हा रोगाचं नाव कळलं, आणि काकूंची तपासणी होईपर्यंत त्यांच्या पेशींनी तळ गाठला होता. "लोकाइचे नवरे दागिने ठेवून जातेत," एवढंच त्या म्हणत.

मुलगा काकांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागला. रोजची गोळी लोकांच्या डोळ्यावर येणार, म्हणून त्याने कॉलनीत सांगून टाकलं, आईला शुगर आहे. हुशारी केली असं त्याला वाटलं. पण कॉलनीतली माणसं फार प्रेमळ. लग्नात काकूंच्या ताटातला चूरमा शेजारची भाभीजी स्वतःच्या हाताने काढून घ्यायची. बुद्धपौर्णिमेची खीर सगळ्यांना, काकूंना काकडी. सुनेने मग घरातही भात, बटाटा, केळं बंद केलं. खोटं निभावलं पाहिजे ना!

समुपदेशक मॅडम दर वेळी बजावायच्या, भरपूर खा. काकू म्हणायच्या, "मले काय सांगता? माह्या सुनेले सांगा."

मी रांगेत त्यांच्यासाठी केळी न्यायला लागले. भिंतीकडे तोंड करून त्या एकामागून एक खायच्या आणि साल माझ्या हातात देऊन म्हणायच्या, "कच्चे आनले." मला संताप यायचा, तरी पुढच्या वेळी पिकलेली शोधत मी सोडाला भागातला सगळा बाजार पालथा घालायचे.

माझ्या पेशी भराभर वाढल्या. रोग लवकर सापडला होता, वय तिशीच्या आत, पगार माझा, स्वयंपाकघरही माझं. काकूंच्या मात्र दोनशेला पोचेनात. माझा आकडा ऐकून त्यांनी आपला रिपोर्ट घडी करून कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "गोळी तेच हाये. पोट येगळं हाये."

"शुगर बरी झाली म्हणून सांगा ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"अन् मंग गोळ्या कायच्या, हे तू सांगशीन? नातीचं लगन लागू दे. मंग खातो पोटभर."

नातीला अजून स्थळंच येत होती तेव्हा काकूंना धाप लागली. मुलाने खासगी दवाखान्यात नेलं. सोबत भाभीजी आणि तिचा नवरा. त्यांच्यादेखत मुलगा डॉक्टरांना खरं सांगेना. ते गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. पण शेजारी माणुसकीचे, ते हललेच नाहीत. काकू तिथेच गेल्या.

दवाखान्यात कळल्यावर मी काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला गेले, तिथे पंगतीत शेजारी बसलेल्या खुद्द भाभीजीने हे मला सांगितलं, अर्थात तिला समजलं होतं तेवढंच; बाकीचं मी ताडलं. "डॉक्टर बोले, शुगर तो बिल्कुल नॉर्मल है. मैंने कहा, होगी ही जी, इतना परहेज़ जो कराया हमने!" तिचे डोळे भरून आले होते. त्या बाईचा गळा धरावा की तिच्या गळ्यात पडून रडावं, मला कळेना.

"आप कैसे जानती थीं इन्हें?" तिने विचारलं.

"एक ही डॉक्टर के यहाँ जाते थे," मी म्हणाले. "मुझे भी शुगर है."

भाभीजी हळहळली. काकूंची सून पंगतीत वाढत होती. माझं 'शुगर' ऐकून ती थांबली आणि माझ्याकडे तिने नीट पाहिलं. मग काही न बोलता माझ्या एकटीपुढचं स्टीलचं ताट उचलून नेलं आणि कागदी पत्रावळ आणून ठेवली.