सहानुभूती पूर्ण, करार नाही

डॉक्टर केळुसकर गेल्याचं मला कुवेतमधल्या जाब्रियातल्या आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, हातात रक्ताच्या नळ्या असताना कळलं. तासाभरात इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा संदेश सगळ्यांच्या फोनवर आला, ‘आपला आधारवड कोसळला.’ ज्या माणसाला यांनी गेली काही वर्षं व्याख्यानाला बोलावलं नाही, त्याचा एकदम आधारवड झाला. गेलेला माणूस उलटून बोलत नाही, ही अध्यक्षांची मोठीच सोय.

डॉक्टर भूलतज्ज्ञ. थिएटरमध्ये इंजेक्शनने झोपवतात आणि मंडळात शुक्रवारी इतिहासाने, असं आम्ही त्यांना तोंडावर म्हणायचो. एका व्याख्यानाला मात्र सगळे टक्क जागे होते. त्याआधी गणपतीत अध्यक्षांनी माइकवरून गर्जना केली होती, की कुवेतमध्ये एकाही मराठी माणसाला कुणी त्रास दिला तर गाठ माझ्याशी आहे. टाळ्या पडल्या. शहरापासून लांब, वफ्राच्या एका शेतावर सुतारकाम करणाऱ्या कणकवलीकडच्या संतोषने ते खरं मानलं. त्याची आई अत्यवस्थ होती आणि मालक पासपोर्ट देत नव्हता. अध्यक्षांनी त्याला सरबत पाजलं आणि सांगितलं, की मंडळ सांस्कृतिक आहे, अशा भानगडीत पडत नाही, पण आमची सहानुभूती पूर्ण आहे.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांनी विषय घेतला तो अमेरिकेच्या सुरुवातीच्या परराष्ट्र धोरणाचा. संतोष मागे उभा, अध्यक्ष पहिल्या रांगेत. युरोपने समुद्राच्या आमच्या बाजूला आता नव्या वसाहती करायच्या नाहीत, असं त्या नव्या देशाने जगाला ठणकावलं. समुद्रावर दरारा इंग्रजांच्या आरमाराचा, आवाज यांचा. स्पेनच्या तावडीतून नुकत्याच सुटलेल्या कोलंबियाने ते मनावर घेतलं आणि विचारलं, की उद्या कुणी चालून आलं तर तुम्ही याल ना, मग तसा करार करू या. उत्तर गुळमुळीत आलं... डॉक्टर थांबले, पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “सहानुभूती पूर्ण, करार नाही. स्वतःच्या स्वातंत्र्याच्या वेळी मात्र फ्रान्सशी केलेला करार यांना चालला होता.” मग मागे जाऊन त्यांनी खिशातली गाडीची किल्ली संतोषसमोरच्या टेबलावर ठेवली. शब्द देण्याची त्यांची हीच रीत होती. बोलायचं नाही, किल्ली ठेवायची. दोघं तसेच वफ्राला गेले. डॉक्टर मालकाकडे चहा पीत बसले, ते पासपोर्ट हातात पडेपर्यंत उठलेच नाहीत. संतोषला आई भेटली, मग तो परत कामावर आला. डॉक्टरांना मंडळाने पुन्हा बोलावलं नाही.

शोकसभेत अध्यक्ष भरल्या गळ्याने म्हणाले, की डॉक्टरांचं कार्य मी पुढे नेईन. भरला गळा त्यांना माइक दिसला की येतो. मला तिथे रडू आलं नाही, ते आलं गेल्या आठवड्यात, डॉक्टरांच्या पत्नी सुनंदावहिनींच्या स्वयंपाकघरात. फ्रिजवरच्या वाटीत ती किल्ली तशीच होती. तेवढ्यात मला संतोषचा फोन आला. त्याच्या शेजारच्या शेतावरच्या गवंड्याचे वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि पासपोर्ट मालकाकडे अडकला होता. “डॉक्टर नाय, आता कोणाक सांगू?” तो म्हणाला.

मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. बरंच बोलले ते... वहिनी ऐकत होत्या. त्यांनी वाटी उतरवली आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली.

“वफ्राचा रस्ता ठाऊक आहे ना गं तुला?”

मी लगेच निघाले. अध्यक्षांनाही बरोबर चला म्हटलं होतं. त्यांची सहानुभूती पूर्ण आहे.