चेल्लपांडीचे चार पोपट

सात्तूरच्या चेल्लपांडीला आपल्या कारखान्याच्या काडेपेटीवरच्या पोपट छापाचा भारी गर्व. छाप वडिलांचा, दुकानदारांशी संबंध वडिलांचे. ह्याची कमाई म्हणजे आणखी तीन पोपट. जोड पोपट, पेरू खाणारा पोपट आणि पिंजऱ्यातला पोपट असे त्यानं नोंदवून ठेवले. विकायला नव्हे, दुसऱ्या कुणाला पोपट मिळू नये म्हणून.

वकीलबाई कनकवल्लींनी तेव्हाच बजावलं होतं की, एका मालकाचे असे सारखे छाप नोंदणी कार्यालय एकमेकांशी जोडून टाकतं. पुढे कुणाला द्यायचे तर सगळे एकत्रच द्यावे लागतात. चेल्लपांडी जांभई देत सही करून मोकळा झाला.

मग मुत्तुकनी नावाच्या विधवेनं फांदीवरच्या पोपटासाठी अर्ज केला. ह्यानं हरकत घेतली. काडेपेटीवर कसलाही पोपट दिसला की गिऱ्हाईक तो माझाच समजतं, असं प्रतिज्ञेवर लिहून दिलं. बाईचा अर्ज फेटाळला गेला, तर ह्या मर्दानं गावात शेव वाटली.

पुढे धाकटा भाऊ गुरुसामी वेगळा निघाला. पंचांनी ठरवलं, थोरल्यानं एक छाप द्यावा आणि धाकट्याच्या वाट्याची कारखान्याची शेड घ्यावी. चेल्लपांडीनं न खपणारा पिंजऱ्यातला पोपट पुढे केला. कार्यालयानं कळवलं, द्याल तर चारही द्या. तेव्हा छापांची जोडणी मोडून मागायला तो जरीकाठी वेष्टी नेसून चेन्नईला गेला. एक पोपट पिंजऱ्यात, बाकीचे मोकळे, लहान मूलसुद्धा फसणार नाही, असं तावातावानं सांगू लागला.

अधिकाऱ्यानं त्याचंच जुनं प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. "ही सही तुमचीच ना?"

"सही माझीच, साहेब. पण ते त्या बाईपुरतं होतं."

जोडणी कायम राहिली. चारही पोपट देण्याइतकी ह्याची छाती नव्हती.

"राहू दे, अण्णा," गुरुसामी म्हणाला. "पिंजरा तुम्हालाच शोभतो. शेड मी ठेवतो."

त्यानं नवा बैल छाप काढला आणि रीतसर अर्जही केला. महिन्याभरात दुकानदार बैल मागू लागले. चेल्लपांडीनं कनकवल्लींना फोन लावला, माझ्या नावावर जोड बैल नोंदवा म्हणाला.

"तुम्ही बैल छाप काढणार आहात?"

"छे. पण त्याला तरी का मिळावा?"

बाईंनी फोन ठेवून दिला. हल्लीच्या वकिलांना कायदा कळत नाही, असं तो जेवताना बायकोला समजावून सांगत होता. ती त्याच्या पानात रस्सम वाढत राहिली.