चिपळूणहून काम, यान्बूचा पगार

सौदीतल्या यान्बूत बसून वर्षानुवर्षं पाइपांची ड्रॉइंग्ज काढून मी कंटाळून गेलोय. काम वाईट नाही, रोज तेच आहे, एवढंच. त्यात गेल्या वर्षी आई गेली आणि चिपळूणला बाबा एकटे पडले. म्हणून साहेब जेव्हा म्हणाला, ‘घरून काम कर, कंपनी तीच, पगार तोच,’ तेव्हा त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आनंद शुक्रवारपर्यंत टिकला. शुक्रवारी आमच्या फ्लॅटवर मटण शिजतं आणि त्याबरोबर कुणाच्या ना कुणाच्या आयुष्याचा निकालही लागतो. माझा रूममेट साताऱ्याचा. रस्सा ढवळत म्हणाला, ‘पगार तोच, पण टॅक्स? हितं रियाल न् रियाल हातात पडतोय. तिकडं सहा महिन्यांच्या वर राहिलास की खलास!’

मी गावाकडच्या सीएला फोन लावला. त्यानेही सभ्य भाषेत तेच सांगितलं. पगार सौदीतून आला तरी तुम्ही इथे राहून, इथे बसून काम करणार, तेव्हा टॅक्स इथेच. आकडा ऐकून माझं जेवणावरचं मन उडालं. यान्बूत राहून टॅक्स हा शब्दच आम्ही विसरलोय. वाटलं, आणखी एक वर्ष काढू. थकलेल्या माणसालाही इथे ‘आणखी एक वर्ष’ म्हणायची सवय लागते. बाबांना सांगितलं, ‘टॅक्समध्ये फार जाईल, पुढच्या वर्षी बघू.’ ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. मला त्यांचाच राग आला. निदान भांडायचं तरी.

इथला कुणीही घरी खरा पगार सांगत नाही. सांगितला की भावकीतलं प्रत्येक लग्न आणि प्रत्येकाचं गळकं छप्पर आपल्या गळ्यात पडतं. मीही सुरुवातीपासून निम्म्याहून कमीच सांगत आलोय. बाबांनाही तोच आकडा ठाऊक.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. ते पोस्टातून रिटायर झालेले, चौकशी केल्याशिवाय स्वस्थ बसत नाहीत. आई गेल्यापासून त्यांचा असा खुललेला आवाज मी ऐकला नव्हता.

‘अरे, मी विचारून आलो. तुला उगाच कुणीतरी घाबरवलंय. तुझ्या पगाराला टॅक्स बसतच नाही! एवढ्या पगाराला सगळा माफ आहे. बाहेरच्या खोलीत तुझं टेबलसुद्धा लावून घेतलंय. ये तू.’

खरा आकडा माझ्या जिभेवर आला होता. तो सांगितला असता तर यान्बूतच थांबायला कारण मिळालं असतं. आणि त्यांना कळलं असतं, की मुलाने इतकी वर्षं आपल्यालाही भावकीतच धरलं.

‘ऐकतोयस ना?’

‘हो बाबा.’ मला रडू येत होतं. ‘नाहीच बसत टॅक्स. येतो मी.’