बेडूकमास्तर आणि त्यांची नदी

बेडूकमास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. बाजाराच्या टोकाला, पुलाच्या अलीकडे, त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढणं, चाकाच्या तारा ताणणं, चेन बदलणं यावर त्यांचं पोट चालायचं. पण सकाळी दुकान उघडण्याआधी ते ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून नदीवर जात आणि गावातल्या मुलामुलींना पोहायला शिकवत. तेही फुकट. पहिला धडा काठावरच्या सपाट खडकावर असायचा. “आधी बेडूक व्हा, मासा व्हायला आयुष्य पडलंय,” असं म्हणून ते स्वतःच पालथे पडत आणि हातपाय मारून दाखवत. पोट सुटलेला माणूस खडकावर बेडूक झालेला पाहून आम्ही हसत सुटायचो आणि हसता हसता पाण्याची भीती निघून जायची. नाव पडलं ते तिथूनच. आमच्या काकू, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणायच्या, “निदान मास्तर तरी म्हणतात. नुसतं बेडूक म्हटलं असतं तर मी काय करणार होते?”

नदी तेव्हा चांगली होती, पण गाव चांगलं चाललं होतं असं म्हणता येणार नाही. काम नव्हतं. शाळा संपली की पोरं बॅग भरून शहराची वाट धरत. ज्या घरात म्हातारी माणसं होती तिथे दिवा लागायचा, बाकीच्यांना कुलपं. मास्तरांनी पोहायला शिकवलेली मुलं वर्षातून एकदा आली तर आली. त्यांची एकुलती एक मुलगीही त्यातच होती. ती माशासारखी पोहायची. ऐन पुरात ती पलीकडच्या काठाला लागली होती, तेव्हा काकूंनी आधी तिला मिठी मारली आणि मग दोन थोबाडीत दिल्या. तीच मुलगी पुढे शहरात एका कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहायची आणि रात्री एका कोंदट खोलीत दाटीवाटीनं झोपायची. फोनवर ती बरं आहे म्हणायची. काकू फोन ठेवून पदरानं डोळे पुसायच्या.

मग नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला. कारखाना आला म्हणून वाईट वाटलेला एकही माणूस मला आठवत नाही. मास्तरांना तर नाहीच नाही, कारण कारखान्यानं त्यांची मुलगी परत आणली. तिला कापड तपासणीच्या खात्यात नोकरी लागली. काचेच्या टेबलाखाली दिवे लावून त्यावरून सरकणाऱ्या कापडातले डाग आणि फिकट पट्टे शोधायचे, असं काम. तिथल्याच एका फिटरशी तिनं लग्न केलं, वर्षा-दीड वर्षात मास्तरांच्या मांडीवर नात आली. कुलपं उघडली, बाजारात नवी दुकानं निघाली, पुलाजवळ चहाची टपरी टाकलेल्या बाईंनी पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब घातला. मास्तरांचं गिऱ्हाईक मात्र कमी झालं, कारण पोरं मोटारसायकली घेऊ लागली. त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नाही.

नदीला पहिल्यांदा रंग आला तेव्हा गावानं ते थट्टेवारी नेलं. आज पाणी निळं म्हणजे पँटीचं कापड चाललंय, लाल म्हणजे चादरी, असं लोक पुलावर उभं राहून सांगायचे. मास्तर मुलांना घेऊन रंग वाहून जाण्याची वाट बघायचे आणि मग पाण्यात उतरायचे. पुढे मुलांच्या अंगाला खाज सुटू लागली, एकीचे डोळे महिनाभर लाल राहिले. आयांनी मुलांना पाठवणं बंद केलं. कोणी भांडलं नाही. एकेक मूल येईनासं झालं आणि एका सकाळी मास्तर ट्यूब खांद्याला लावून एकटेच नदीवर गेले आणि तसेच परत आले.

ते कारखान्याच्या मॅनेजरला भेटायला निघाले तेव्हा काकूंनी दारातच अडवलं. पोरगी तिथे नोकरीला, जावई तिथे नोकरीला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं त्या म्हणाल्या.

“मासे आहेत कुठे आता वैर करायला?” मास्तर म्हणाले आणि चपला घालून गेले.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि सांडपाणी स्वच्छ करण्याचा प्रकल्प बांधायचं ठरलंच आहे, असं सांगितलं. वरून सरकारचा दट्ट्या होताच. पुढच्या वर्षी त्या सांडपाण्याचे हौद खरंच उभे राहिले, आणि ते सांभाळायला माणूस हवा होता तेव्हा मुलीनंच बापाचं नाव सुचवलं. सायकलीचं दुकान असून नसल्यासारखं झालं होतं. मास्तरांनी फळी लावली आणि साठीच्या उंबरठ्यावर आयुष्यातली पहिली नोकरी धरली.

हौद बसवायला आलेल्या लोकांनी त्यांना काम शिकवलं. मोठ्या हौदात जंतू पाळायचे. ते रंगातली घाण खातात. पण त्यांना हवा लागते, म्हणून मोठमोठे ब्लोअर रात्रंदिवस पाण्यात हवा सोडत असतात. हवा थांबली की जंतू मरतात आणि हौदाचं डबकं होतं. मास्तरांना हे फार आवडलं. कोणी गाईगुरांबद्दल बोलावं तसं ते जंतूंबद्दल बोलायचे. आज सुस्त आहेत, काल जास्त खाल्लं, उद्या ठीक होतील. काकू म्हणायच्या, “जन्मभर पोरांना पाण्यात सोडलं, आता जंतूंना सोडतायत.”

आणि नदी खरोखर सुधारली. आधीसारखी नाही, पण तळ दिसण्याइतकी. काठावर शेवाळ हिरवं झालं. एका दुपारी मास्तरांनी मला हाक मारून पुलाखाली नेलं आणि बोटभर लांबीचे मासे दाखवले. ते वाकून बघत राहिले. त्या उन्हाळ्यात त्यांनी नातीला खडकावर पालथं घालून बेडूक करायला शिकवलं. पाण्यात मात्र अजून उतरवलं नाही. पुढच्या वर्षी, म्हणाले.

पुढचं वर्ष कारखान्याला वाईट गेलं. माल पडून राहू लागला. दुसऱ्या प्रांतातले कारखाने स्वस्तात कापड देत होते, आणि ते स्वस्त का होतं हे मॅनेजरनं मास्तरांना ऑफिसात बसवून सरळ सांगितलं. ते आपलं पाणी तसंच नदीत सोडत होते. ब्लोअरना लागणाऱ्या विजेत कारखान्याची एक अख्खी पाळी चालली असती. तेव्हा नदीचं पाणी तपासणारी सरकारी माणसं यायच्या आधी चार दिवस ब्लोअर चालवायचे, एरवी बंद, असा हुकूम झाला.

मास्तरांनी मान हलवली आणि ब्लोअर चालूच ठेवले. मॅनेजरनं एकदा माणूस पाठवला, एकदा स्वतः आला. मास्तर हो म्हणायचे आणि तो वळला की काही करायचे नाहीत. त्याला हौदावर दुसरा माणूस बसवता आला असता, पण त्यानं तसं केलं नाही. कापड तपासणी खात्याची दुसरी पाळी बंद करावी लागेल, एवढं त्यानं त्या खात्यात जाऊन सांगितलं. मुलगी दुसऱ्या पाळीला होती.

ती भर दुपारी डबा घेऊन हौदावर आली. रोज डबा मास्तर स्वतःच घरून आणायचे. कठड्याला टेकून तिनं खाली हौदातल्या फेसाकडे पाहिलं.

“बाबा, साहेबांनी तुम्हाला सांगितलं ना?”

“सांगितलं.”

“मग?”

मास्तर तिला समजावू लागले की हवा बंद केली तर आतलं सगळं मरेल, आणि पुन्हा जगवायचं म्हटलं तर महिने जातील, चार दिवस चालवून काही होत नसतं, ते नुसतं नाटक होईल.

“जंतू मरतील,” ती म्हणाली. “आणि आम्ही?”

“तू याच नदीत पोहायला शिकलीस, बाळा.”

“शिकले ना. आणि मग त्या शहरात गेले. तिथे पोहून काय करणार होते? मला परत तिकडे पाठवू नका, बाबा. पोरीला घेऊन त्या खोलीत मी नाही राहू शकणार.”

तिचा आवाज चढला नव्हता. डबा कठड्यावर ठेवून ती कामावर गेली. मास्तरांनी तो खाल्ला, हात धुतले, आणि ब्लोअरच्या खोलीत जाऊन एकेक करून सगळी बटणं बंद केली. दुसऱ्या कोणी केलं असतं तर आपल्याला सहन झालं नसतं, असं ते नंतर मला म्हणाले. आवाज थांबला तेव्हा त्यांना क्षणभर कानच गेले असं वाटलं. फेस हळूहळू खाली बसला. काही दिवसांनी वास सुटला.

त्यानंतर सरकारी तपासणीची माणसं यायची असली की मास्तर धुतलेला गणवेश घालून हौदावर उभे राहत. ब्लोअर घरघरत असत, नदीत सोडायच्या नळाला मागच्या बाजूनं स्वच्छ पाण्याचा पाइप जोडलेला असे. माणसं बाटलीत पाणी भरून घेत आणि जात. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांना कोणी टोचून बोललं नाही, कारण ज्याचं त्याचं कोणी ना कोणी कारखान्यात होतंच. ते मात्र पुलावरून जायचे बंद झाले. बाजारात जायला लांबच्या रस्त्यानं जात.

एवढं करून नोकऱ्या वाचल्या असत्या तरी एक वेळ बरं. पण कारखान्याला रंग द्यायलाही स्वच्छ पाणी लागतं, आणि ते तो जवळच्याच बोअरमधून उपसत होता. नदीत सोडलेलं घाण पाणी जमिनीत मुरत मुरत त्याच बोअरमध्ये उतरलं. हे पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आलं असेल, तर मास्तरांच्या मुलीच्या. तिच्या काचेच्या टेबलावर पांढरं कापड पांढरं येईना. कितीही धुतलं तरी त्यावर पिवळट झाक राहायची. ती ठाणामागून ठाण बाद करू लागली. घरी येऊन तिनं हे सांगितलं. काकू म्हणाल्या, “पेरलं ते उगवलं.” मग त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

काही दिवस टँकरनं पाणी आणलं. ते परवडेना. तोवर गावातल्या विहिरींनाही रंग उतरला होता आणि पिण्याचं पाणीही लोक विकतच घेत होते. शेवटी कारखान्यानं यंत्रं उचकटली आणि दूर, जिथलं पाणी अजून चांगलं होतं अशा जागी नेली. जुन्या माणसांपैकी निवडकांना बोलावणं आलं. त्यात मुलगी होती, जावई होता. मास्तरांनाही तिकडचे हौद सांभाळायला या म्हणून मॅनेजरचा निरोप होता. मुलीनं खूप आग्रह केला. त्यांनी सायकलीचं दुकान पुन्हा उघडायचं कारण सांगितलं. खरं कारण काकूंना कळलं होतं. तिथेही केव्हातरी एक दुपार येणार होती आणि बटणाजवळ पुन्हा हेच उभे असणार होते.

काकू नातीला सांभाळायला थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि तिकडेच राहिल्या. मुलीला त्यांची गरज होती, आणि इथे पाणी विकत घेऊन कपडे धुणं त्यांना होत नव्हतं. मास्तर एकटे राहिले. बाजारातली निम्मी दुकानं बंद झाली, घरांना पुन्हा कुलपं लागली. मोटारसायकली विकून लोक परत सायकलीवर आले, तेवढं मात्र त्यांचं काम वाढलं.

मागच्या थंडीत शाळेच्या दालनात सभा झाली. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढण्याचा एक कारखाना त्याच रिकाम्या जागेवर यायला तयार होता. अधिकाऱ्यानं सगळं वाचून दाखवलं आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारलं. मास्तर उठून उभे राहिले. ते सुरुवात करणार तोच मागून पुलाजवळच्या चहावाल्या बाई बोलल्या. त्यांनाही लहानपणी मास्तरांनीच शिकवलं होतं. आता त्यांची दोन्ही मुलं शहरात होती.

“मास्तर,” त्या अगदी हळू, आर्जवानं म्हणाल्या, “नदी होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता नदी गेलीच आहे. मग हरकत कशाला घ्यायची?”

मास्तर उभेच राहिले. सगळे त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते, अधिकारीसुद्धा. मी त्यांच्या शेजारीच होतो. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला आणि ते खाली बसले.

अधिकाऱ्यानं पुन्हा एकदा विचारलं. कोणी हात वर केला नाही.

परतताना मी त्यांच्याबरोबर चालत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की बाईंचंही चूक नाही.

“चूक असतं तर बोललो असतो,” मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्या जागेला तारेचं कुंपण घालायला सुरुवात झाली. गावातल्या पंधरा-वीस जणांना त्यावर मजुरी मिळाली.