फरहाच्या पुस्तकातली दूधबहीण

गुलाम नबीची फरहा आमच्या वेचाईच्या टोळीत आली ते बोंडअळीच्या सालात. गुलाम नबी म्हंजे मारेगावचा मोटारपंप दुरुस्त करनारा मिस्तरी. आमच्या शिवेवर त्याचं तीन एकर वावर. त्या साली वेचाले बायाच भेटत नव्हत्या. भेटतीन कशा? बोंड उघडलं का आत गुलाबी अळी, कापूस चिकटलेला, दिवसभर वेचलं तरी कमरेची ओटी भरे ना. अन् वेचाईची मजुरी तं किलोवर! म्हून मिस्तरीची पोट्टी, यवतमाळच्या कॉलेजात शिकनारी, सोताच ओटी बांधून आमच्या बाजूले पात धरून उभी राह्यली. मी म्हटलं, बाप्पा, हे दोन दिवसांची पाव्हनी.

वेचाईच्या आधी आम्ही वावरात सीतादही करतो. कपाशीच्या झाडाखाली सात गोटे मांडाचे, दहीभाताचा निवद दाखवाचा, मंगच पहिलं बोंड तोडाचं. मालक कोन्या का जातीचा असेना. फरहाच्या मायनं, हुस्नाबीनं, घरचं दही धाडलं होतं. तो भात खाता खाता आमच्या टोळीतल्या इंदूबाईले पोट्टीच्या पिशवीत हे एवढं जाडं पुस्तक दिसलं, वरतं तलवार घेतलेली पोरगी.

"इंग्रजी आहे मावशी," फरहा म्हने. "राज्यासाठी भांडनाऱ्या पोरींची कहानी."

"कायले वाचून राह्यली असलं थोतांड?" मी म्हटलं. माहं तोंड असंच आहे.

"पंचफुलामावशी, आमच्या घरी जो पाव्हना येते तो विचारते, पोळ्या येतात का. या पुस्तकात पोरीले विचारतात, राज्य घेशील का."

माह्या लग्नाच्या वक्ती मलेही पोळ्याच विचारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीपासून पोट्टी वेचता वेचता कहानी सांगाले लागली, आपल्याच बोलीत. नावं जिभेवर चढत नव्हते, म्हून आम्ही तिले नुसतं राणी म्हनलं. अनाथ पोरगी, कोनी मोजत नाही, अन् राग आला का तिच्या तळहातावर इस्तव पेटे. हसू नका. अळीनं बरबटलेल्या बोटांनं वेचतांनी मले किती डाव वाटलं, तेवढा इस्तव आपल्या हातात असता तं सारं वावर पेटवून घरी गेली असती. शेजारच्या वावरात बाया टिकत नव्हत्या. आमच्या टोळीत एकही खाडा नाही.

मंग एक दिवस कहानीत दगा आला. राणीची दूधबहीण, एकाच मायच्या दुधावर वाढलेली, तिनंच किल्ल्याचा दरवाजा दुश्मनाले उघडून देल्ला. इंदूबाई मटकन खाली बसली.

"हे वच्छली होय! माही वच्छली!"

वच्छला इंदूबाईची सख्खी लहान बहीन. दोघी एकाच गावात देल्ल्या. पाच वर्साआधी इंदूबाई ग्रामपंचायतले उभी होती. वच्छलीनं तिच्यासाठी घरोघर पत्रकं वाटले, अन् मतदानाच्या दिवशी दुसऱ्या पॅनलच्या जीपमंधी बसून आली. इंदूबाई एका मतानं पडली. एका! तवापासून बोलचाल बंद. नळावर एक आली का दुसरी रिकामी घागर घेऊन परते, अन् गावाले फुकटचा तमाशा.

राणी जंगलात पळाली अन् पुस्तक सरलं. दुसरा भाग फरहाजोळ नव्हता, हे आम्हाले मंग कळलं. इंदूबाई काही सोडे ना. "मंग? त्या बहिनीचं काय झालं?" चार दिवस पोट्टीनं टाळलं. पाचव्या दिवशी सांगलं, का दूधबहीण अनवानी जंगलात आली, राणीच्या पायावर पडली. दुश्मनानं तिचं लेकरू धरून ठेवलं होतं, म्हून तिनं दरवाजा उघडला. राणीनं तिले उराशी धरलं. इंदूबाई पदरानं डोळे पुसत राह्यली. पोट्टीनं हे मनानंच जोडलं, हे तवा मलेही मालूम नव्हतं.

"शुक्रवारी वच्छलीच्या पोरीची हळद आहे," इंदूबाई म्हने. "जाच लागते मले. तिचीही काही मजबुरी असन. मले कधी सुचलंच नाही. छापील कहानीत उगाच थोडी लिवतात!"

बुधवारी यवतमाळच्या मैत्रिनीनं एसटीच्या कंडक्टरजोळ पुस्तकाचा दुसरा भाग धाडला. गुरुवारी फरहा वावरात आली ते तोंड उतरवून. मले बाजूले घेतलं.

"मावशी, दूधबहिनीवर कोनाचाच दबाव नव्हता. तिले राज्यच पाहिजे होतं. राणी तिले मारून टाकते."

"मंग? तोंड बंद ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अन् उद्या वच्छलामावशीनं भर मांडवात हाकलून देल्लं तं? माह्या खोट्याच्या भरोशावर चालली ना ते. पाच वर्सानं पुन्हा तिची फजिती झाली, तं तो दगा मीच देल्ला ना मावशी!" पोट्टी रडाले लागली.

दुपारच्या भाकरीले तिनं सर्वांसमोर सांगून टाकलं. इंदूबाईनं हातातला घास खाली ठेवला.

"छापील नव्हतं?"

"नव्हतं. तिनं मरावं, असं मले वाटत नव्हतं मावशी."

इंदूबाई उठली अन् गावाकडं चालाले लागली. चाल अशी का मले धडकी भरली. मी अन् फरहा तिच्या मांगं धावलो. इंदूबाई सीधी वच्छलीच्या आंगनात. तिथं मांडव घालनं चालू होतं, वच्छली सूप घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत होती.

"वच्छले, एकच सांग. त्या दिवशी तुले कोनी धमकी देल्लती का? लेकराच्या जिवावर काही?"

वच्छलीच्या हातातलं सूप थांबलं. मी मनात म्हटलं, हो म्हन वं बाई, एक डाव हो म्हन! इंदूबाई तेवढंच ऐकाले आलती.

"नाही," वच्छली म्हने. "कोनीच नाही. लहानपनापासून घरात सारं इंदू, इंदू. तू निवडून आली असती तं सरपंच झाली असती, अन् मी जलमभर सरपंचाची बहीन. जळली मी. बस, जळली."

अरे देवा! इंदूबाईनं जे तोंड सोडलं! पाच वर्साचं सारं काढलं, जीप काढली, पत्रकं काढले. वच्छली काय गप राह्यनारी? तिनं मायनं इंदूले देल्लेल्या लुगड्यापासून सुरुवात केली. मांडववाले खांब सोडून पाहात राह्यले. फरहानं माहा हात गच्च धरला. "माह्यामुळं झालं मावशी," म्हने. मलेही वाटलं, आता लग्नाघरी पोलीस येते.

अर्ध्या घंट्यानं दोघींचा दम सरला. इंदूबाई तिथंच वच्छलीच्या बाजूले बसली. सूप आपल्याकडं ओढलं, अन् तांदळात बोट फिरवून म्हने, "निवडले म्हन्ते! खडे तसेच आहे सारे. पाव्हन्याइचे दात पाडतं का?" वच्छली आतून दुसरं सूप घेऊन आली.

दिवस कलला तवा आम्ही तिघी वावरातली ओटी आनाले परतलो. फरहानं भीत भीत विचारलं, "माफ केलं का मावशी तिले?"

"माफ? हाट!" इंदूबाई म्हने. "पाच वर्सं एकटीच भांडून राह्यलती मी, मनातल्या मनात. आता जोडीनं भांडू."