अर्थ सांगणारा

गावात इंग्रजी कळणारा मी एकटा होतो, आणि मलाही ते कळत नव्हतं.

आमचं गाव अंबडहून शहागडला जाणाऱ्या रस्त्यावर. मी जालन्याच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालो आणि नोकरी लागेपर्यंत घरी येऊन बसलो, त्याच वर्षी ग्रामपंचायतीला रंगीत टीव्ही मिळाला. शाळेच्या व्हरांड्यात लाकडी कपाटात तो कुलूपबंद असायचा. रविवारी दुपारी त्यावर एक इंग्रजी मालिका लागू लागली. साठच्या दशकातली, जुनी, गुप्तहेराची. आता गुप्तहेर म्हटला की पाठलाग, पिस्तूल, विमान. हा गडी मात्र पहिल्याच भागात समुद्रकाठच्या एका गावात कामासाठी उतरला आणि तिथेच अडकला. टॅक्सीत बसला की टॅक्सी फिरून त्याच कारंज्यापाशी यायची. गावातले लोक हातात रिकामे पिंजरे घेऊन हिंडायचे. पावात फोन वाजायचा. आणि रोज त्या बिचाऱ्याचा वाढदिवस साजरा व्हायचा, बँड लावून.

दुसरं कुठलं गाव असतं तर दहा मिनिटांत उठून गेलं असतं. आमचं बसून राहिलं, कारण आमच्याकडे श्रावणात देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. ओवी कळत नाही म्हणून कुणी उठून जात नसे. कळवण्याची जबाबदारी अर्थ सांगणाऱ्याची. त्याला पाट, त्याला आधी चहा, आणि त्याच्यावर एकच बंधन. अर्थ सांगणाऱ्यानं अडायचं नाही. ‘हे मला माहीत नाही’ म्हणणारा पुन्हा त्या पाटावर बसला नाही. त्याच रीतीनं टीव्हीशेजारी माझ्यासाठी खुर्ची मांडली गेली. टीव्ही ओवी म्हणणार, मी अर्थ सांगणार.

त्या लोकांचे उच्चार म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखे. दहा वाक्यांतलं एखादं हाती लागायचं. पण खुर्ची मिळाली होती, चहा आधी येत होता, मग काय, मी सुटलोच. रोजचा वाढदिवस कशाला, तर जावयासारखा मान देऊन माणसाला अडकवून ठेवायचं म्हणून. हे गावाला एकदम पटलं. दोनतीन घरजावई मान खाली घालून बसले. पिंजरे रिकामे का, तर जसा राक्षसाचा जीव पोपटात, तसा या लोकांचा जीव पिंजऱ्यात होता, आणि त्या गावच्या नगराध्यक्षानं तो काढून घेतला. मला स्वतःलाच माझं कौतुक वाटायचं.

बायका मागे, भिंतीला टेकून बसायच्या. त्यांत माझी वहिनी, मोठ्या भावाची बायको. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, नववी झाल्यावर लग्न झालेली. बाकीच्या बायका बँड वाजला की हसायच्या. वहिनी हसत नसत. घरी भाकरी थापताना मला एकच प्रश्न विचारत, ‘सुटंल का हो भाऊजी त्यो?’

शेवटच्या भागात तो गावाच्या मोठ्या लोखंडी दारापाशी पोचला, दारावर हात ठेवला, आणि लाईट गेली. परत आली तेव्हा शेतीचा कार्यक्रम चालू होता. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खुर्चीवरून उठलो सुद्धा नाही. म्हणालो, मला शेवट ठाऊक आहे, पुस्तकात वाचलाय. दाराला कुलूप नव्हतंच. इतकी वर्षं कुणी ढकलूनच पाहिलं नव्हतं. यानं ढकललं, दार उघडलं, हा चालत निघून गेला. असलं कुठलंही पुस्तक मी वाचलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात वहिनी माझ्या वडिलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला बाहेरून दहावीला बसायचंय, सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. घरात सुनेनं असं कधी विचारलं नव्हतं. वडिलांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘भर की.’ दोनदा गणितात नापास होऊन तिसऱ्या वेळी त्या पास झाल्या. अंगणवाडीत लागल्या. बारावीचा फॉर्मही एकदा भरला होता, इंग्रजीपायी सोडून दिला. तेव्हा मी परतूरच्या शाळेत मास्तर होतो आणि विचारायचं कुणाला, असं त्यांना झालं. आमच्या घरात मात्र ‘दार ढकलून पाहावं’ ही वहिनींची म्हणच झाली. मुलांच्या परीक्षेला, दवाखान्यात नंबर लावताना, तहसीलमध्ये, सगळीकडे. ती ऐकली की मी विषय बदलायचो.

आता भाऊ नाही. वहिनी अंबडला राहतात, यंदाच अंगणवाडीतून निवृत्त झाल्या. मीही निवृत्त होऊन तिथेच, चार गल्ल्या पलीकडे. मे महिन्यात त्यांची नात पुण्याहून सुट्टीला आली आणि तिनं मला फोन केला. आबा, आजीची ती मालिका सापडली, सगळेच्या सगळे भाग, खाली मराठीत अक्षरंही येतात. आजी म्हणते तुम्ही आल्याशिवाय लावायची नाही.

मी गुडघे दुखतात म्हणालो. ऊन फार आहे म्हणालो. शेवटी गेलो.

चार दिवस दुपारी कूलर लावून आम्ही ती पाहत होतो. खालची मराठी कुठल्या यंत्रानं केली होती देव जाणे, पण माझ्यापेक्षा बरी होती. माझे अर्थ एकेक करून गळायला लागले. वाढदिवसाचं कारण कुणी सांगतच नव्हतं. पिंजऱ्यांचंही नाही. नातीनं शोधून सांगितलं की जगभरचे लोक अजून यावर वाद घालतात आणि करणाऱ्यांनी कधी खुलासा केलाच नाही. वहिनी माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, आमच्या भाऊजींनी तेव्हाच सांगितलं होतं की. त्यांच्या चेहऱ्यावर माझा केवढा अभिमान होता. मला तो सहन होईना.

शेवटचा भाग मी आदल्या दिवशी घरी मोबाइलवर एकट्यानं पाहून घेतला. दाराला कुलूप होतं. चांगलं मोठं, पक्कं. तो दोन्ही हातांनी दार हलवतो, मग मागे फिरतो, कोपऱ्यातल्या ढिगातून एक रिकामा पिंजरा उचलतो आणि नव्या पाहुण्याचं स्वागत करणाऱ्या बँडमागं जाऊन उभा राहतो. संपलं. मी मोबाइल उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी नातीला बाजूला घेऊन म्हणालो, शेवटचा भाग खराब आहे म्हणून सांग ना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बासष्टाव्या वर्षी मला माझीच लाज वाटली.

मग मीच वहिनींना सांगितलं. पुस्तक नव्हतं, मला ती भाषा कळत नव्हती, शेवट मी रचला होता, आणि खरा शेवट वेगळा आहे.

‘लावा,’ त्या म्हणाल्या.

पाहून झाल्यावर त्यांनी उठून कूलर बंद केला. मला वाटत होतं त्या हसतील, म्हणतील, खोटं का होईना, माझं भलं झालं. मी ते ऐकायला जवळजवळ तयार होऊन बसलो होतो.

‘गणितात दोनदा नापास झाले,’ त्या म्हणाल्या. ‘दोन्ही टायमाला वाटलं, दार तर उघडंच हाय, मलाच ढकलाया येत न्हाई. किती रडले मी, भाऊजी. कुलूप हाय म्हनून कळलं असतं तर कुणाला तरी चावी मागितली असती.’

वहिनी रागावल्या की भांडत नाहीत, चहा अर्धा कप देतात. त्या दिवशी चहा आलाच नाही.

दीड महिना बोलणं बंद. मी केशर आंब्याची पेटी पाठवली, ती ठेवून घेतली, निरोप आला नाही. माझी बायको म्हणाली, तुम्ही शेखी मिरवली आणि त्या बाईनं त्यावर आयुष्य काढलं, आता आंबे पाठवून राह्यलात. खरं होतं. अडतीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो होतो की माझ्या थापेनं एका बाईला उभं केलं. ती उभी राहिली तिच्या जिद्दीवर. माझ्या थापेनं तिला फक्त एवढंच शिकवलं की पडलीस तर चूक तुझी.

जुलैत त्यांचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. म्हणाल्या, नातीनं ऑनलाइन बारावीचा फॉर्म भरून दिलाय, सतरा नंबरचा. आता या वयात कशाला, असं विचारणार असाल तर फोन ठेवते. मी विचारलं नाही. इंग्रजी तुम्हीच शिकवायचं, आठवड्यातून तीन दिवस, चारला. मी हो म्हणालो.

‘एक अट हाय,’ त्या म्हणाल्या. ‘जिथं तुम्हाला येत न्हाई तिथं येत न्हाई म्हनायचं.’

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तकाला कव्हर घालून ठेवलं होतं, पेन्सिलीला टोक केलं होतं. पूर्ण कप चहा आला. पहिला धडा बरा गेला. मग कविता लागली आणि तिसऱ्याच ओळीत एक शब्द असा आला की त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. अंदाज होता. चांगला अंदाज होता, कुणालाही पटला असता. माझं तोंड उघडलं सुद्धा होतं. वहिनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘हे मला येत नाही.’

तीस वर्षं वर्गात उभा राहिलो, हे वाक्य कधी बोललो नव्हतो. वहिनींनी नातीचा जुना शब्दकोश टेबलाच्या मधोमध ओढला आणि स्वतःची खुर्ची माझ्या खुर्चीजवळ घेतली.

‘बसा मंग,’ त्या म्हणाल्या. ‘दोघं मिळून हुडकू.’