एका बाजूचा बाण

जेवताना गप्प बसणं मर्लिनच्या रक्तात नाही, हे अख्ख्या भुईगावाला माहीत आहे. तिची वाडी आणि माझी वाडी यांच्यात एक कुंपण, आणि त्या कुंपणावरून तिचा आवाज मला रोज येतो. मी फेलिशिया. सातिवलीला ती काम करते त्याच कारखान्याच्या ऑफिसात फोन घेते. आमच्याकडे विजेची बटणं बनतात. ती खाली कामाच्या टेबलांवर, मी वर. तेव्हा मी सांगते त्यात तिखटमीठ असेल, पण खोटं नसेल.

तर अशी ही बाई दोन वर्षं मुकाट जेवत होती. कारण पुतळाबाई.

पुतळाबाई खाडीकडच्या गावची. दोघी एकाच टेबलावर बटणांत स्प्रिंगा बसवत म्हाताऱ्या व्हायला आल्या. मर्लिनच्या डब्यातली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, पुतळाबाईच्या तोंडात, पुतळाबाईची तांदळाची भाकरी मर्लिनच्या. पुतळाबाईला मराठी वाचता येतं, इंग्रजीशी मात्र हाडवैर. रजेचा अर्ज असो, बँकेचं असो, मोबाइलवर आलेलं कसलंही असो, ती फोन मर्लिनपुढे सरकवायची आणि म्हणायची, "भर गो." काय भरलं ते बघायचीही नाही. एकदा मर्लिननं चेष्टेनं विचारलं, "तुझं शेत माझ्या नावावर करून घेतलं तर?"

"घे की. लावनीला चिखलात उतरशील ना?"

मग मर्लिनला सुपरवायझर केलं. सुपरवायझर लोक वर एसीत जेवतात. मर्लिन म्हणाली, "सुरुवातीचे चार दिवस वर जाते, नाहीतर शिष्ट म्हणतील. मग येते खाली." वर जाणाऱ्याला शिष्ट म्हणतात की न जाणाऱ्याला, ते तिलाच ठाऊक. डबा घेऊन खाली आली तेव्हा तिच्या जागेवर दुसरीच कोणी बसली होती. पुतळाबाईनं मान वर केली. "तुम्ही वरच बसा, मॅडम. इथं गरम होईल तुम्हाला."

तुम्ही! शिवी दिली असती तर मर्लिननं उलट दिली असती आणि विषय तिथंच मिटला असता. 'तुम्ही'ला काय उत्तर देणार? तीही मग 'तुम्ही'वर गेली. तेव्हापासून कामापुरतं बोलणं, तेही सत्यनारायणाला बोलावल्यासारखं. मी दोघींना समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

कंपनीच्या बसमधून घरी येताना मात्र मर्लिन माझ्याशेजारी बसून सुरू व्हायची. पुतळा असती तर असं म्हणाली असती. हे पुतळाला दाखवायला हवं होतं. अगं बाई, पुतळा मागच्या सीटवर बसलीय, जा ना दाखव. नाही. खिडकीबाहेर बघत बसायची. मला राग यायचा, आणि वाईट वाटायचं ते वेगळंच. मी पडले शेजारीण. शेजारणीला मैत्रिणीची सर येत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

यंदा कंपनीनं लांब बोईसरला दुसरी शेड घेतली. सुपरवायझर इथेच, बाकीच्यांतल्या अर्ध्या बायका तिकडे जाणार. कोणी जायचं ते ठरवायला बाहेरून हर्षवर्धन नावाचे एक साहेब बोलावले. त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर इंग्रजीत लिंक पाठवली. रोज कोणाशी बोलता? अडलं तर कोणाकडे जाता? कोणावर विश्वास आहे? त्यांचं म्हणणं असं, की साहेबलोकांचा तक्ता भिंतीवर असतो, पण कारखाना चालतो तो माणसं एकमेकांना विचारतात त्याच्यावर. त्या विचारण्याचा नकाशा काढायचा, आणि जिथे धागे घट्ट तिथे कात्री लावायची नाही. मला तर पटलं.

बुधवारी सकाळी कँटीनच्या भिंतीवर तो नकाशा दाखवला. प्रत्येक बाई म्हणजे ठिपका, तिनं घेतलेलं नाव म्हणजे बाण. मर्लिनकडे ढीगभर बाण येत होते. तिच्यातून एकच निघत होता. सगळ्या प्रश्नांना एकच नाव दिलेलं, म्हणून तो जाडजूड. तो थेट कोपऱ्यातल्या एका ठिपक्यापाशी जाऊन थांबला होता. पुतळाबाई. त्या ठिपक्यातून एकही बाण बाहेर पडत नव्हता.

बायका हसल्या. हसतील नाहीतर काय, दोन वर्षं सगळ्यांनी बघितलेलंच. हर्षवर्धनना बिचाऱ्यांना काही कळेना. म्हणाले, "एका बाजूचा बाण आम्ही धरत नाही. दोघींनी एकमेकींचं नाव घ्यायला हवं. या ताईंचे इथे कोणाशी धागे नाहीत, त्यांना हलवणं सोपं." पुतळाबाईचं नाव बोईसरच्या यादीत होतं. सोमवारपासून.

मर्लिन सगळ्यांदेखत उभी राहिली. "यादी बदलता येईल?"

"नाही मॅडम, ती मुख्य ऑफिसला गेली."

ती खाली बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं.

जेवायच्या सुट्टीत ती वर आली नाही. मी जिन्यातून वाकून बघितलं आणि सरळ खाली उतरले. चोरून ऐकणं मला जमत नाही, मी शेजारी उभी राहून ऐकते. मर्लिन पुतळाबाईच्या समोर बसली होती. डबा बंद.

"माझं नाव नसतं टाकलं तरी चाललं असतं," मर्लिन म्हणत होती. "दुसऱ्या कोणाचं तरी नाव टाकायचं. इथंच राहिला असतात तुम्ही."

"कसं टाकनार? सगळं इंग्रजीत होतं." पुतळाबाई भाकरीकडे बघूनच बोलत होती. "टेबलावरच्या त्या हेमांगीनं फोन मागितला, भरून देते म्हनाली. मी नाही दिला. माझं तू भरतेस."

तू. आणि 'भरायचीस' नव्हे, 'भरतेस'. मर्लिनचे डोळे भरून आले, आणि माझेही, उगाच कशाला लपवा.

पुतळाबाईनं पिशवीतून फोन काढला आणि टेबलावरून सरकवला. "भर गो."

मर्लिननं लिंक उघडली. मला पडदा दिसत होता. हा फॉर्म आता बंद झाला आहे, एवढंच इंग्रजीत लिहिलेलं, बाकी कोरं. मर्लिननं ते वाचलं. मग मान खाली घालूनच विचारलं, "रोज कोणाशी बोलतेस?"

"तुझ्याशी. मनातल्या मनात. शिव्याच घालते जास्ती करून. ते धरतात का?"

"धरतात," मर्लिन म्हणाली, आणि कोऱ्या पडद्यावर बोट दाबलं. "अडलं तर कोणाकडे जातेस?"

"दोन वर्षं अडलेलीच हाय मी. टाक तुझं नाव, नि जेव आता."

मर्लिननं पुन्हा बोट दाबलं. पुतळाबाईनं अर्धी भाकरी मोडून तिच्या डब्याच्या झाकणात ठेवली.

"गेलं का?"

"गेलं," मर्लिन म्हणाली, आणि डबा उघडून तिच्याकडे सुकेळी सरकवली. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अजून बाकी होते.